सावली हाच माऊस

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हटलं की मोबाईल नाहीतर डोक्यावर चढवायचा जाडजूड चष्मा आठवतो. पण या प्रकाराची एक जुनी शाखा अशी आहे, जिथे हातात काहीच धरावं लागत नाही. आपली सावली हाच माऊस!

गोष्ट १९७० सालची. अमेरिकेत विस्कॉन्सिनला मायरन क्रूगर आणि त्याचा सहकारी दोन वेगळ्या इमारतींत बसून व्हिडिओवरून एक तांत्रिक घोळ निस्तरत होते. पडद्यावर दोघांच्या हातांची चित्रं एकमेकांवर आली आणि सहकाऱ्याने चक्क हात बाजूला घेतला. प्रत्यक्ष स्पर्श शून्य! म्हणजे पडद्यावरची प्रतिमासुद्धा माणूस 'माझं अंग' समजतो. यातूनच पुढे 'व्हिडिओप्लेस' झालं. कॅमेरा माणसाची आकृती टिपायचा, ती सावलीसारखी पडद्यावर यायची आणि 'क्रिटर' नावाचा चिमुकला जीव तिच्या अंगाखांद्यावर खेळायचा.

२००१ साली राफाएल लोझानो-हेमरने रॉटरडॅमच्या चौकात खऱ्याच सावल्या वापरल्या. भिंतीवर लोकांचे फोटो, पण त्यांवर झगझगीत उजेड मारून ते पुसलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याची सावली जिथे पडेल तेवढाच फोटो दिसणार. दिव्याजवळ गेलात की सावली वीस-पंचवीस मीटरची!

हे गणित आपल्याकडे नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांनी पडद्यामागून रामायण दाखवत आले आहेत. बाहुली पडद्याला टेकली की रेघ ठसठशीत, दिव्याकडे सरकली की मोठी आणि धूसर. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. फरक एवढाच, की तिथे सावली कलाकाराच्या ताब्यात असते आणि प्रेक्षक समोर बसतो. क्रूगरने प्रेक्षकालाच बाहुली केलं, आणि सूत्रधारही.

आता मुद्द्याचं. लातूर-नांदेडकडे लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना कंदिलापुढे हरीण-कुत्रा करायला कुणी शिकवलं होतं का? त्याला मॅन्युअल नव्हतं. उलट आमच्या आजीपुढे स्मार्टफोन धरला की ती म्हणते, "मला काय कळतंय बाबा त्यातलं." दोष आजीचा नाही, आपल्या इंटरफेसचा आहे. आपण आधी इंग्रजी बटणं शिकायला लावतो, मग वापरू देतो. सावलीला लिपी नसते आणि चेहराही नसतो, त्यामुळे लाजरा माणूससुद्धा खेळायला पुढे येतो.

प्रोजेक्टर, साधा कॅमेरा आणि लॅपटॉप एवढ्यावर हे उभं राहतं. औशाच्या किल्ल्यातली एखादी भिंत यासाठी काय भारी दिसेल! असो. तोवर कंदील आहेच.