सिद्धटेक ते सुवन्नफूम

"थायलंडला चाललोय" असं नगर जिल्ह्यातल्या कर्जतमध्ये सांगून बघा एकदा. समोरचा आधी गप्प होतो, मग आजूबाजूला बघतो आणि मग हळूच डोळा मिचकावतो. "एकटाच का? की ऑफिसची गँग?" घ्या! पुढे तुम्ही कितीही सांगा की मला म्युझियम बघायचंय, देवळं बघायचीत... कोणी विश्वास ठेवत नाही. :)

(आणि हो, कर्जत म्हणजे लोकलवालं कर्जत नव्हे. ते रायगडचं. आमच्याकडे लोकल नाही, बटाटेवडा नाही आणि पाऊसही बेताचाच. आमच्याकडे रेहेकुरीची काळविटं आहेत, राशीनची यमाई आहे आणि भीमेच्या काठावर सिद्धटेकचा गणपती आहे. जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेवर अजून नगरच येतं.)

मला मात्र खरंच देवळं बघायची होती, आणि त्याला कारण होतं. कारण म्हणजे मी केलेला एक घोळ.

तर झालं असं की २०२४ च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या पोरांनी फोन केला. "तू शिकलेला माणूस, 'जगभरातला बाप्पा' असा फलक करतोय, दोन ओळी लिहून दे." मी प्रोजेक्टच्या डेडलाईनमध्ये अडकलेलो. मोबाईलवर आलेल्या एका फॉरवर्डमधून सरळ उचललं आणि पाठवून दिलं, "पेशवाईत मराठी व्यापाऱ्यांनी आपला बाप्पा थायलंडला नेला. थायलंड आजही मुळात हिंदू देश आहे." फलक झळकला. लोकांनी फोटो काढले. शाळेतल्या एका पोराने ते वहीत उतरवून घेतलं म्हणे. ते कळल्यावर मला कसंतरीच झालं. कोडमध्ये असा न तपासलेला तुकडा मी कधी टाकला नसता. मग इतिहासात का टाकला?

म्हणून डिसेंबरात ऑफिसच्या दोन मित्रांबरोबर निघालो. त्यांना बेटं बघायची होती, मला फलक तपासायचा होता. निघताना आईने सिद्धटेकचा अंगारा पाकिटात ठेवला आणि म्हणाली, "तिकडच्या गणपतीलाही नारळ फोड हो." तिच्या दृष्टीने विषय मिटला होता.

बँकॉकच्या विमानतळावर उतरलो आणि पहिला धक्का तिथेच बसला. या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. जातककथांमधले व्यापारी जहाजं घेऊन जिथे निघायचे तीच सुवर्णभूमी. आत एक भलंमोठं शिल्प आहे, समुद्रमंथनाचं. एकीकडे देव, दुसरीकडे दानव, मध्ये वासुकी आणि वर विष्णू. आजूबाजूला लोक ट्रॉल्या ढकलत चाललेत. पण टॅक्सीवाल्याला मी 'सुवर्णभूमी' म्हटलं तर त्याला काही कळेना. ते म्हणतात 'सुवन्नफूम'.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. थाई लिपीत हा शब्द लिहिताना संस्कृतची अक्षरं जवळजवळ जशीच्या तशी ठेवतात, पण उच्चार थाई जिभेच्या नियमाने करतात. म्हणजे कसं, डेटा तोच, फक्त स्क्रीनवर दिसतो वेगळा! एकदा ही किल्ली मिळाली की मजा येते. अयोध्येचं अयुथ्या. ऐरावताचं एरावन. नारायणाचं नाराय. आणि विघ्नेशाचं? 'फिकनेत'. 'व'चा 'फ', 'घ'चा 'ख'कडे झुकणारा 'क' आणि शेवटच्या 'श'चा 'त'. मागे आदराचा 'फ्रा' लावायचा, फ्रा फिकनेत. आपण गणपतीबाप्पा म्हणतो तसंच.

दुसऱ्या दिवशी जुन्या बँकॉकमधल्या देवस्थानात गेलो. हो, नाव देवस्थानच, 'थेवसथान' म्हणतात. तीन साधी पांढरी देवळं, एक शंकराचं, एक गणपतीचं, एक विष्णूचं. समोरच्या चौकात उंचच्या उंच लाल लाकडी झोपाळ्याची चौकट. पूर्वी पौषाच्या सुमारास त्यावर झोके घेण्याचा धोकादायक सोहळा व्हायचा, तो १९३५ पासून बंद आहे.

हे देवस्थान १७८४ मध्ये बांधलं. तारीख वाचून मी तिथल्या पायरीवरच बसलो. कारण त्यामागची गोष्ट १७६७ ची आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्या जाळून टाकलं. चारशे वर्षांची राजधानी. देवळं, ग्रंथ, मूर्ती, सगळं. पुढे १७८२ मध्ये पहिल्या रामाने बँकॉकला नवी राजधानी वसवली आणि मोडलेलं एकेक परत उभं करायला घेतलं. उजाड देवळांतून हजारावर बुद्धमूर्ती गोळा करून आणल्या. १७९७ मध्ये रामकथा, म्हणजे त्यांचं 'रामाकियन', नव्याने लिहवून घ्यायला सुरुवात केली. आणि राजाचे विधी करणाऱ्या ब्राह्मणांसाठी हे देवस्थान बांधलं.

आता आपल्याकडे बघा. त्याच १७६७ मध्ये मालेराव होळकर गेले आणि अहिल्याबाईंनी कारभार हातात घेतला. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी, आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातलं. १७८० च्या सुमारास त्यांनी काशीविश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं. आणि आमच्या सिद्धटेकचं आज दिसतं ते देऊळही त्यांनीच बांधलेलं. या दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसणार. पण एकाच काळात दोन देशांत दोन माणसं मोडलेली देवळं परत बांधत होती. फलकावर लिहायचंच होतं तर हे लिहायला हवं होतं, असं वाटून गेलं.

पण मुख्य प्रश्न तसाच होता. गणपती इथे आणला कोणी?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. प्राचीनबुरी प्रांतात सी महोसोत नावाच्या जुन्या नगरात दगडाची मोठी गणेशमूर्ती सापडली आहे. ती सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. म्हणजे पेशवाईच्या हजार वर्षं आधी! माझा फलक इथेच कोसळला.

मग व्यापारी कोण? मित्र फुकेत बेटावरून बोटीने फी फी बेटांकडे गेले, निळंशार पाणी बघायला. मी फुकेतमधल्या थलांगच्या म्युझियममध्ये गेलो. तिथे ताकुआ पा या जुन्या बंदराजवळ मिळालेला दगडी विष्णू उभा आहे. त्याच ताकुआ पा परिसरात नवव्या शतकातला एक शिलालेख मिळाला. भाषा तमिळ. त्यात एक तळं खोदल्याचा आणि ते 'मणिग्रामम' या व्यापारी संघाच्या संरक्षणाखाली असल्याचा उल्लेख आहे. समुद्रापार गेलेल्या व्यापाऱ्यांनी पहिलं काय केलं, तर पाण्याची सोय! दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला हे लगेच भिडतं.

बँकॉकच्या देवस्थानातले राजब्राह्मणही आपल्या परंपरा दक्षिणेकडूनच सांगतात. त्यांच्या झोपाळ्याच्या उत्सवाचं नाव 'त्रियंपवाय', ते 'तिरुवेंपावै' या तमिळ स्तोत्रावरून आलं. याशिवाय शेजारच्या ख्मेर राज्याकडून बरंच आलं. आणि एक गणपती तर चक्क भेट म्हणून आला. १८९६ मध्ये राजा चुलालोंगकोर्न जावाला गेला, तेव्हा डच सरकारने त्याला नऊ गाड्या भरून मूर्ती दिल्या. त्यात सिंगोसारीचा गणपती होता, नरमुंडांवर बसलेला! बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो बघताना आपल्या लाडू खाणाऱ्या बाप्पाची सवय असलेला माणूस जरा दचकतोच.

थोडक्यात, तमिळ आले, ख्मेर आले, जावाचे आले. मराठी माणूस कुठेच नाही. आणि 'मुळात हिंदू देश' म्हणावं तर नव्वद टक्क्यांहून जास्त लोक बौद्ध. ते बुद्धाला वंदन करतात आणि शेजारीच फिकनेतला झेंडूची माळ घालतात. त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही. अडचण वाटते ती आपल्याला, कारण आपल्याला रकाने भरायचे असतात.

आता खरी गंमत. थाई गणपती हा मुख्यतः कलांचा देव आहे. सहावा राम म्हणजे वजिरावुध, स्वतः नाटकं लिहिणारा राजा. त्याने १९१४ मध्ये साहित्याची संस्था काढली आणि तिच्या मुद्रेवर गणपती घेतला. १९३७ मध्ये तिथल्या ललित कला खात्यानेही गणपतीचंच चिन्ह घेतलं. १९४३ मध्ये निघालेल्या शिल्पाकोन विद्यापीठाचं चिन्हही तोच. (शिल्पाकोन म्हणजे शिल्प + आकर, बघा किल्ली चालते की नाही!) त्यामुळे तिथे नट, चित्रकार, गायक नवं काम सुरू करताना फिकनेतला हात जोडतात. आपल्याकडे टिळकांनी १८९३ पासून गणपती चौकात आणला, तिकडे एका राजाने तो रंगमंचावर नेला. देव एकच, नेमणूक वेगळी.

शेवटच्या दिवशी छाछेंगसाओला गेलो. तिथे २०१२ मध्ये पूर्ण झालेला ३९ मीटर उंचीचा उभा गणपती आहे. आणि दुसऱ्या एका मठात गुलाबी रंगाचा, आडवा पहुडलेला गणपती! पहिल्यांदा हसूच आलं. मूर्तीभोवती रंगीबेरंगी उंदीर ठेवलेत. ज्या वारी तुमचा जन्म, त्या रंगाचा उंदीर शोधायचा आणि त्याच्या कानात इच्छा सांगायची. मात्र त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर इच्छा पलीकडून निघून जाते.

माझ्यापुढे एक वयस्कर बाई होत्या. एका हाताने त्यांनी उंदराचा कान घट्ट दाबला आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या. डोळे पुसले. मला थाई येत नाही, पण काय चाललंय ते कळायला भाषा लागली नाही. बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा सिद्धटेकला आई अशीच उभी होती. माझं हसू तिथेच थांबलं. मी पण रांगेत उभा राहिलो. काय मागितलं ते नाही सांगत.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. व्यापारी तमिळ होते, आपले नव्हते, वगैरे. तिला काही फरक पडला नाही. "अरे, कोणी का नेईना, पोचला ना?" म्हणाली.

फरक मला पडला होता. २०२५ च्या गणेशोत्सवात मी मंडळाला म्हटलं, मला दहा मिनिटं द्या. माईकवर सांगितलं की गेल्या वर्षीचा फलक चुकीचा होता आणि तो मीच लिहून दिला होता. जरा कुजबुज झाली. एक अण्णा पुढे बसले होते, म्हणाले, "मग आपलं काहीच नाही का त्यात?" आहे की, म्हटलं. २०२४ मध्ये पुण्याच्या दगडूशेठ गणपतीची प्रतिकृती फुकेतला गेली, तिथल्या भक्तांनी हौसेने नेली. म्हणजे मराठी बाप्पा तिकडे पोचला, फक्त पेशवाईत नाही, आत्ता. आणि आपण नेला नाही, त्यांनी मागितला. मला तर यात जास्त मान वाटतो.

अण्णा थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "हे फलकावर मावायचं नाही."

नाहीच मावायचं. खरा इतिहास फलकावर मावत नाही, हीच तर त्याची अडचण आहे. पण तो वहीत उतरवून घेणारा पोरगा या वेळीही आला होता. त्याला मी जवळ बसवून आधी गेल्या वर्षीची ओळ खोडायला लावली. मग त्याने खाली लिहिलं, सी महोसोत, ताकुआ पा, १७६७, १७८४. 'फिकनेत'चं स्पेलिंग त्याने तीनदा विचारलं.

असो. उद्या सोमवार, बिल्ड फुटलेलाच असणार. भेटू पुढच्या वीकांताला.