दिनविशेष : ७ नोव्हेंबर – डॉ. अलेक्सा कॅनडी
मेरी क्युरी आणि सी. व्ही. रामन यांच्या जन्मतारखेलाच, १९५० मध्ये, अमेरिकेतील मिशिगन राज्यात लॅन्सिंग येथे डॉ. अलेक्सा कॅनडी यांचा जन्म झाला. वडील दंतवैद्य. शाळेत एका शिक्षिकेने त्यांचे चांगले गुण एका गोऱ्या मुलीच्या नावावर चढवले होते. मिशिगन विद्यापीठात गणित सोडून त्या वैद्यकाकडे वळल्या. १९७५ मध्ये येलच्या रुग्णालयात रुजू झाल्या, तर पहिल्याच दिवशी एका अधिकाऱ्याने त्यांना समान संधीच्या कोट्यातली भरती ठरवून टोमणा मारला. त्याला उत्तर कामानेच मिळाले. १९८१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात प्रशिक्षण पूर्ण करून त्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यूरोसर्जन झाल्या.

१९८७ पासून डेट्रॉइटच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ मिशिगनमध्ये त्या न्यूरोसर्जरी विभागप्रमुख होत्या. मेंदूत पाणी साचून बाळाचे डोके वाढत जाते, तेव्हा ते पाणी बारीक नळीने, म्हणजे शंटने, पोटाकडे वळवतात. हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय. २००१ मध्ये निवृत्त होऊन त्या फ्लोरिडातील पेन्साकोलाला गेल्या खऱ्या. पण तिथे मुलांचा एकही न्यूरोसर्जन नव्हता. मग कसली निवृत्ती! २०१२ पर्यंत त्या तिथे अर्धवेळ काम करत राहिल्या.