धरमतरच्या खाडीतील नौकानामे : एक विचार

मराठीत 'नाव' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'ते नाव' म्हणजे संज्ञा आणि 'ती नाव' म्हणजे होडी. पहिला शब्द संस्कृत 'नाम' यापासून आला, दुसरा 'नौ' यापासून. पूर्वी संज्ञावाचक शब्द 'नांव' असा अनुस्वारयुक्त लिहीत असल्याने लेखनात दोहोंतील भेद राखला जाई. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले, तेव्हापासून हा भेद मुख्यत्वे लिंगावर उभा आहे. नौकेच्या नावाचा विचार करताना लिंगाचा हा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण धरमतरच्या खाडीच्या परिसरात आढळते.

अंबा नदीच्या मुखाशी ही खाडी असून समुद्राच्या बाजूस तिच्या तोंडाशी रेवस व करंजा ही बंदरे आहेत. खाडीस ज्या स्थळाचे नाव मिळाले ते धरमतर पेण तालुक्यात येते. कोकणात 'तर' म्हणजे खाडी किंवा नदी ओलांडण्याची होडी, अथवा तशी सोय असलेले ठिकाण. दाभोळच्या खाडीवरील 'तरीबंदर' या स्थलनामातही हाच शब्द दिसतो. 'धरम' या पूर्वपदाचा 'धर्मादाय' असा अर्थ घेतल्यास 'मोल न घेता पार नेणारी तर' असा समासाचा अर्थ लागतो. म्हणजे ज्या गावाच्या नावातच नौका आहे, त्या गावाच्या पाण्यातून जाणाऱ्या नौकांची नावे येथे विचारार्थ घेतली आहेत.

या नावांचे दोन थर स्पष्टपणे वेगळे काढता येतात. पहिला थर देशी गलबते, मचवे व मासेमारी होड्यांचा. आगरी व कोळी समाजांत नौकेस कुलदेवतेचे नाव देण्याची चाल असून एकवीरेचे नाव विशेष लोकप्रिय आहे. त्यास 'प्रसाद' किंवा 'कृपा' ही पदे जोडली जातात. येथे नाव म्हणजे ओळखचिन्ह तर आहेच, शिवाय ते संरक्षणाची याचनाही आहे.

दुसरा थर आगबोटींचा. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 1830 साली सुएझला गेली. तिचे नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अध्यक्षाचे होते. जहाजास अधिकाऱ्याचे नाव देणे हा सत्तेचा व्यवहार होय. ते नाव उच्चारणाऱ्या खलाशाचा किंवा उतारूचा त्यात काही भाग नसे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि धरमतर यांच्या दरम्यान आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली व खाडीकाठचा सामान्य माणूस आगबोटीचा उतारू झाला.

स्वदेशी चळवळीच्या काळात किनाऱ्यावरील वाहतुकीसाठी जी सहकारी कंपनी निघाली, तिने नामकरणाची रीत बदलली. या कंपनीस लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि तिच्या आगबोटींना देवांची व संतांची नावे दिली गेली. हेतू उघड होता. ज्या उतारूस 'ह्यू लिंडसे' परके वाटे त्यास 'तुकाराम' हे घरचे नाव होते. देशी होडीच्या नामकरणातील भाव यांत्रिक नौकेवर आणून बसविण्याचा हा प्रयत्न होता.

परंतु नावाने ममत्व निर्माण होते, तारण होत नाही. 11 नोव्हेंबर 1927 रोजी 'तुकाराम' व 'जयंती' या दोन्ही आगबोटी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट काशाच्या खडकाजवळ वादळात सापडून बुडाली व सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

ही घटना लोक 'रामदास बुडाली' अशा शब्दांत सांगतात. 'रामदास बुडाला' असे कोणी म्हणत नाही. पुरुषनाम असूनही क्रियापद स्त्रीलिंगी आहे. 'बोट' या पदाचा येथे लोप झाला आहे, एवढेच स्पष्टीकरण व्याकरणदृष्ट्या पुरेसे ठरेल. 'सह्याद्री' हा पर्वत पुल्लिंगी, पण त्याच नावाची आगगाडी 'गेली', हे उदाहरण तसेच आहे. तथापि मराठीत 'जहाज', 'गलबत', 'तारू' हे शब्द नपुंसकलिंगी आणि 'मचवा', 'पडाव' हे पुल्लिंगी आहेत. त्यांपैकी कोणत्याही जातीच्या लिंगात 'रामदास' बसली नाही. उतारूंनी तिला 'बोट' मानले व त्या शब्दाचे लिंग तिच्या नावास दिले. नामकरण मालकाने केले. लिंगनिर्णय उतारूंनी केला. संत व त्यांच्या नावाची नौका यांतील भेदही त्यामुळे आपोआप राखला गेला. 'रामदास बुडाली' असे ऐकून समर्थांचा अवमान झाला असे कोणास वाटत नाही.

हीच कसोटी दूरच्या भाषेतील नावासही लागू पडते. हवाई बेटांच्या भाषेतील एखादे श्रुतिमधुर नाव कोकणातील नौकेस द्यावयाचे झाल्यास प्रथम तिची घटना ध्यानी घ्यावी लागेल. त्या भाषेत व्यंजने अवघी आठ असून त्यांत कंठद्वारीय स्पर्शाचा समावेश होतो. स्वरांची ऱ्हस्व-दीर्घता अर्थभेदक असते. मराठीच्या देवनागरी लेखनात तो स्पर्श दाखविण्याची सोय नाही. तिच्यात व्याकरणिक लिंग नाही. मात्र स्वामित्वाचे दोन वर्ग आहेत, आणि 'इनोआ' म्हणजे नाव व 'वआ' म्हणजे होडी हे दोन्ही शब्द एकाच वर्गात पडतात. मराठीने लिंगाने ज्यांना विलग केले, त्यांना तेथे एका वर्गात स्थान आहे.

1975 साली तेथे जलावतरण झालेल्या व 1976 साली आधुनिक उपकरणांवाचून ताहितीस पोहोचलेल्या जोडनौकेचे नाव 'होकूलेआ', म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा म्हणजे आपली स्वाती. तो हवाई बेटांच्या माथ्यावरून जातो, म्हणून परतीच्या वाटेवर खलाशास तो घर दाखवितो. या नावाचे सौंदर्य त्याच्या नादात आहे त्याहून अधिक त्याच्या उपयोगात आहे. धरमतरच्या खाडीत तेच नाव आले, तर त्याचा हा उपयोग संपेल आणि केवळ नाद उरेल; तरीही काठावरचा माणूस सहजपणे 'होकूलेआ आली' असेच म्हणेल.

तात्पर्य, नौकेचे नाव निवडणे हा मालकाचा अधिकार असला तरी ते रुजविणे त्याच्या हाती नसते. 'माझी आगबोट' या लोकांनी दिलेल्या नावातील सर्वनाम स्त्रीलिंगी आहे, आणि 'रामदास बुडाली' यातील क्रियापदही. एकात ममत्व आहे, दुसऱ्यात शोक. दोन्ही उतारूंच्या भाषेने नोंदविले आहेत.