रिबात

रिबात : आरंभीच्या इस्लामी काळातील सरहद्दीवरचे तटबंद ठाणे. पुढे सूफींचे मठ, वाटेवरच्या सराया आणि यात्रेकरूंच्या धर्मशाळा यांनाही हेच नाव मिळाले. हैदराबादेत ‘रुबात’ असे म्हणतात.

बायझंटाइन आरमाराच्या धास्तीने ट्युनिसियाच्या किनाऱ्यावर असे रिबात उभे राहिले. मोनास्तीरचा रिबात ७९६ मधला. रचना समजून घ्यायला सूसचा रिबात अधिक उपयोगी : सुमारे ३८ मीटर बाजूचा चौरस, एकच दरवाजा, मध्ये अंगण आणि भोवती लहान, अंधाऱ्या कोठड्या. माडीवर दक्षिणेकडे प्रार्थनागृह आहे. दरवाजाच्या माथ्यावरील फटींतून हल्लेखोरांवर मारा करता येई. टेहळणी बुरुजावरील शिलालेखात अघलबी अमीर पहिला जियादतुल्ला याचे नाव असून साल ८२१ आहे. पहारा आणि उपासना या दोन्हींसाठी लोक स्वेच्छेने येथे येऊन राहत. त्यामुळे याला निव्वळ किल्ला म्हणणे अपुरे ठरते.

सरहद्दी पुढे सरकल्या, तसा पहारा मागे पडून निवारा उरला. खोरासानमधील रिबात-इ-शरफ (१११४–१५) बाहेरून गढीसारखा भक्कम दिसतो. आत दोन चौक आणि विटांची व गच्चीकामाची अप्रतिम नक्षी आहे. तो प्रवाशांसाठी होता.

हैदराबादेत नामपल्ली स्टेशनालगत निजामकालीन सराई आहे. मात्र हैदराबादकरांचा रुबात मक्केत आहे. पाचवे निजाम अफजलउद्दौला (कारकीर्द १८५७–६९) यांच्या काळात संस्थानच्या हजयात्रेकरूंसाठी तेथे इमारती घेऊन वक्फ (धर्मादाय दान) केल्या गेल्या. हरमच्या (मक्केतील मुख्य मशिदीच्या) विस्तारात त्यांतील अनेक पाडल्या गेल्या. उरलेल्यांत यात्रेकरूंची विनामूल्य सोय होते. अर्ज जागांपेक्षा जास्त आल्यास चिठ्ठ्या टाकतात.

बहुभाषक हैदराबादचे १९५६ मध्ये तीन राज्यांत विभाजन झाले. वक्फ मात्र टिकला. रिबाताचे खरे बळ तटापेक्षा अशा दानात होते, असे म्हणावे लागते. तेलंगणाबरोबरच मराठवाडा आणि कर्नाटकातील पूर्वीच्या संस्थानी जिल्ह्यांचे यात्रेकरू आजही या रुबाताचे हक्कदार आहेत.