पंचवीस रुपये दंड

दिवाळी अंकापायी लेखकाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे आजच्या तरुण वाचकांना खरे वाटणार नाही. १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. निशिकांत नावाचा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तिघी, एवढाच तिचा विषय. पण ती अश्लील ठरवून दंडविधानाच्या २९२ कलमाखाली खटला झाला. मॅजिस्ट्रेटने सोडले, उच्च न्यायालयाने मात्र दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला.

पंचवीस रुपये! दुसरा कुणी भरून मोकळा झाला असता. काकोडकर लढले, आणि १३ ऑगस्ट १९६९ रोजी निर्दोष सुटले.

त्या निकालातली मौज मला फार आवडते. न्यायमूर्तींनी खटकणारे उतारे तपासलेच, पण कथा सबंध वाचली. समाजाच्या कल्पना बदलत असतात हेही ध्यानात घेतले. वर असेही नोंदवले की, कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, लेखकाची अपक्वताही तीत दिसेल. पण अश्लील ती नव्हे. म्हणजे लेखकाला सोडताना कानही धरला! न वाचता असा शेरा कोण मारील?

हे आज आठवायचे कारण असे की, गेल्या श्रावणात मी माझ्या कादंबरीतला एक उतारा मोबाइलवरून लोकांपुढे ठेवला. कर्जाने पिचलेल्या नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून बायको विषाची बाटली कणगीमागे दडवते, एवढाच प्रसंग. काही मिनिटांतच उतारा नाहीसा झाला. कारण दिले होते : आत्महत्येस उत्तेजन. दाद मागितली, नकारही तितक्याच तातडीने आला. वाचणारे यंत्र होते की माणूस, देव जाणे.

यंत्राची अडचण मला कळते. रोज कोट्यवधी मजकूर येतो, तो माणसांनी किती वाचावा? म्हणूनच २०२१ च्या सरकारी नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांच्या यंत्रांवर माणसांची देखरेख असावी असे सांगितले आहे. पण ही देखरेख करणाऱ्या माणसाला वऱ्हाडी कळायला हवी ना! आमच्या पातूरकडे फवाऱ्याच्या विषाला कुणी विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. ‘त्यानं औषध घेतलं’ असे कानी आले की, सारी आळी जेवणाच्या ताटावरून उठून धावते. उद्या एखाद्या पोराने रात्री तेवढेच शब्द लिहिले, तर यंत्राला वाटेल, पोराला ताप आला असेल.

‘विष’ हा शब्द मी शहरी वाचकांना कळावे म्हणून घातला होता. आठवड्याने तो खोडून तेथे ‘औषध’ लिहिले आणि उतारा पुन्हा चढवला. तो अजून तेथे आहे.