रेले-बेनार वायुकक्ष

रेले-बेनार वायुकक्ष हे खालून तापवलेल्या वायूच्या पातळ थरातील अभिसरणाचे आकृतिबंध अभ्यासण्याचे प्रयोगशालेय उपकरण आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेनार यांनी १९०० च्या सुमारास द्रवांवर असे प्रयोग केले व लॉर्ड रेले यांनी १९१६ मध्ये त्यांची गणिती मीमांसा केली. बेनार यांच्या उघड्या थरातील षट्कोनी पेशींना मुख्यतः पृष्ठताण कारणीभूत होता, हे पुढे स्पष्ट झाले. दोन पट्ट्यांमध्ये कोंडलेल्या वायूत तो प्रश्नच उरत नाही.

== तत्त्व ==
तापलेला वायू वर जाऊ पाहतो, तर श्यानता व उष्णतेचे वहन त्याला विरोध करतात. या चढाओढीचे माप म्हणजे रेले अंक. दोन्ही पट्ट्या दृढ असतील, तर तो सुमारे १७०८ होताच थरात समांतर वलये फिरू लागतात. प्रत्येक वलयाची रुंदी जवळपास थराच्या जाडीइतकी असते.

वातावरणीय दाबाच्या हवेत १० अंश तापमानफरकाला यासाठी सुमारे १.२ सेंमी जाडी लागते. म्हणजे शंभर वलयांसाठी मीटरभराहून रुंद कक्ष हवा. मात्र रेले अंक दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब तीसपट केल्यास जाडी जवळपास दशांशावर येते व तितकीच वलये हातभर रुंदीच्या आतच मावतात. कक्ष दाबपात्रात बसवतात तो यासाठी.

== रचना ==
वरची पट्टी बहुधा नीलम स्फटिकाची असते, कारण तो पारदर्शक असूनही उष्णतेचा चांगला वाहक आहे. ती फिरत्या पाण्याने थंड राखतात. खालची पट्टी आरशासारखी चकचकीत असून विजेने तापवली जाते. बाजूची भिंत गाळणकागदाच्या थरांची करतात. साधी वाटणारी ही भिंत महत्त्वाची आहे: तिची उष्णतावाहकता वायूपेक्षा फार वेगळी असल्यास कडेला अवेळी प्रवाह सुरू होऊन आकृतिबंध बिघडतो.

पूर्वी हवेत धूर सोडून प्रवाह पाहत. आता छायालेखन वापरतात. थंड, दाट वायूचा अपवर्तनांक अधिक असल्याने खाली येणारे प्रवाह प्रकाश एकवटून उजळ दिसतात, तर वर जाणारे काळसर.

== उपयोग ==
अशा थरात उष्णता उभ्या दिशेने काही सेकंदांतच पसरते, त्यामुळे दीर्घकालीन बदलही आटोक्यातील वेळेत नोंदवता येतात. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे दाबाखालील कार्बन डायऑक्साइडमध्ये १९९३ मध्ये 'सर्पिल-दोष अव्यवस्था' आढळली: सरळ वलये स्थिर असायला हवीत अशा स्थितीतही सर्पिले सतत जन्मत व विरत होती. तापमानफरक मोठा असल्यास वायूचे गुणधर्म थराच्या तळाशी व माथ्याशी वेगळे पडतात आणि वलयांऐवजी षट्कोन दिसू शकतात.