वऱ्हाडी ताटातले पाहुणे

अमरावती-अकोल्याकडचं साधं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, झुणका, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मूठभर शेंगदाणे. अस्सल वऱ्हाडी म्हणावं असंच हे ताट. पण त्यातलं अस्सल काय आणि ते किती जुनं, हे ठरवायचं कसं? रोजच्या जेवणाची कृती सहसा कुणी लिहून ठेवत नाही. अशा वेळी तीन साक्षीदार आपल्या मदतीला येतात : उत्खननात सापडणारे जळके दाणे, पिकाचे रानटी भाऊबंद आणि पिकाचं नाव.

तुरीपासून सुरुवात करू. चुलीत पडून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, म्हणून तो हजारो वर्षं टिकतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तुरीचे असे दाणे मिळाले. ते इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक ते इसवी सनाचं तिसरं शतक या काळातले आहेत. तुरीचा सर्वांत जवळचा रानटी नातेवाईक बस्तर-ओडिशाच्या डोंगरांत वाढतो. तेव्हा तूर खरोखर इथलीच.

ज्वारीचं मात्र तसं नाही. तिचं माहेर आफ्रिका. पूर्व सुदानमध्ये सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या खापरांत ज्वारीच्या कोंड्याचे ठसे सापडले. त्यांवरचं संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. तिथून ज्वारी भारतात आली आणि कमी पाण्यावर तग धरणारी म्हणून दख्खनच्या काळ्या जमिनीत रुजली. झुणक्यातला हरभराही बाहेरचाच. त्याचा रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तानात आढळतो. पण हे दोन्ही पाहुणे इतके जुने आहेत की आता त्यांना पाहुणे म्हणणंही अवघड.

ठेच्याची गोष्ट वेगळी आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची भारतात आली. त्याआधी तिखटपणासाठी मिरे, पिंपळी आणि आलं होतं. नव्या फळाला आपण जुन्या मिऱ्याचंच नाव दिलं, म्हणून ती ‘मिरची’. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला. जमिनीखाली येणारा ‘मूग’ म्हणून भुईमूग. म्हणजे आपला ठेचा फार तर पाचशे वर्षांचा!

यात कमीपणा काहीच नाही. इटलीचं उदाहरण घ्या. टोमॅटोच्या रश्शाशिवाय इटालियन जेवणाची आपण कल्पनाही करत नाही. पण टोमॅटो तिथे पोचला सोळाव्या शतकात, अमेरिकेतूनच. तिथल्या टोमॅटोच्या रश्शाची पहिली छापील कृती नेपल्समधल्या १६९० च्या दशकातल्या एका पुस्तकात आहे आणि तिथे तिला ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हटलं आहे. इटालियन भाषेत टोमॅटोला ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचं सफरचंद, म्हणतात. अनोळखी फळाला ओळखीचं नाव देण्याची रीत तिथेही आपल्यासारखीच.

तेव्हा परंपरा म्हणजे कायम तसंच राहिलेलं काही नव्हे. शेतात जे पिकतं आणि घरात जे परवडतं, त्यातून ती घडते. आणि म्हणूनच मोडूही शकते. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. पण पुढच्या काही दशकांत वऱ्हाडातल्या खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. सोयाबीन हा चीनकडचा पाहुणा. तो शेतात आला, पण ताटात तेलाखेरीज फारसा उतरला नाही. ज्वारी गेली तसा कडबा कमी झाला, हुरडा दुर्मीळ झाला, आणि रोजची भाकर अनेक घरांत पाहुण्यांसाठीचा खास बेत झाली. मिरची आली तेव्हा ताटात भर पडली होती. इथे मात्र ताटातून एक पदार्थ वजा होतो आहे.

वर्गात एक उपक्रम करून पाहता येईल. मुलांनी कालच्या जेवणातले जिन्नस लिहावेत आणि जगाच्या नकाशावर त्यांची मूळ ठिकाणं शोधावीत. मग घरातल्या आजी-आजोबांना विचारावं, तुमच्या लहानपणी ताटात काय होतं? दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की इतिहास, भूगोल आणि शेती एकाच पानावर येतात.